घासलेली बोटे

नंदुरबार जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची प्रतिमा आणि बारा आकडे, एवढ्यावर माणसाची ओळख पटविणारी ही नवी विद्या आदिवासी वस्तीत प्रथम अवतरली, याचे आम्हांला अप्रूप वाटते.

परंतु या परिसराची खरी ओळख श्रमाची आहे. सावकारांकडे गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात आणि मजुरीला न्याय्य दर मिळावा, यासाठी अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या भिल्ल कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. त्याच काळात काक्रापार आणि उकाईच्या कालव्यांनी दक्षिण गुजरातेत ऊस फोफावला. तेव्हापासून दिवाळीनंतर सातपुड्याच्या पायथ्याची गावे ओस पडू लागली. मुकादमाकडून उचल घ्यायची, कोयता खांद्यावर टाकायचा, बारडोलीच्या वाटेला लागायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, असा हा क्रम. कोयता हे केवळ हत्याराचे नाव नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीलाही तेच नाव पडले. माणूस हत्याराच्या नावाने मोजला जावा, यातच सारे आले.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, मोबाइल हाती आला. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या जोडीत परराज्यातही शिधा मिळण्याची सोय सुरू झाली. ऊसतोड कुटुंबाला ही सोय मोलाची आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मात्र तिची किल्ली अंगठ्यात आहे, आणि राबणाऱ्या हाताच्या रेषा कष्टाने झिजतात. ज्या हातांनी ऊस तोडला, त्याच हातांना यंत्र कधीकधी ओळखत नाही.

आता ऊसतोडणीची यंत्रेही फडात उतरू लागली आहेत. पाठ मोडणारे काम सरले तर कोणाला वाईट वाटेल? पण कोयत्याबरोबर रोजीही सरली, तर त्या जोडीने जावे कोठे? बारा आकड्यांनी माणूस कोण, हे सांगता येते. तो पोट कसे भरणार, हे सांगता येत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे मागून चालणार नाही, ते समाजालाच द्यावे लागेल.