ओवलेली आठवण



पोत ओवायला बसलं की बारीक मणी सुईवर घेताना डोळ्यांचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. संगणकाची मेमरी, म्हणजे त्याची आठवण, एके काळी अशीच ओवलेली असायची.

मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथं आर. नरसिंहन यांच्या गटानं आपल्या देशात घडलेला पहिला मोठा डिजिटल संगणक उभा केला. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफ्रॅक. पसारा मोठा. नुसते काचेचे व्हॉल्व्हच, जुन्या रेडिओत असायचे तसले, सुमारे २,७००. आठवणीसाठी मात्र बारीक चुंबकी कड्या, तारांच्या जाळीत ओवलेल्या. २,०४८ ओळी आणि एकेका ओळीत ४० घरं. म्हणजे ८१,९२० घरं झाली. आज तुमच्या मोबाईलमधला दोन एमबीचा एक फोटो ठेवायचा तर असे दोनशे टिफ्रॅक लागले असते!

हे चालायचं कसं? कडीतून गेलेल्या तारेत वीज सोडली की कडी चुंबक होते. विजेची दिशा उलटी केली की चुंबकाचीही दिशा उलटते. एका दिशेला 'एक' म्हणायचं, दुसरीला 'शून्य'. आपली नावं, रकमा, तारखा, सगळं संगणक या दोनच खुणांत लिहितो. एक तार उभी, एक आडवी. दोघींत अर्धी अर्धी वीज सोडली की त्या जिथं भेटतात तेवढीच कडी बदलते. वाचलं की मात्र लिहिलेलं पुसलं जायचं, म्हणून वाचून झालं की लगेच पुन्हा लिहावं लागे. पण एक गुण मोठा होता. लाईट गेली तरी कडी विसरत नसे.

१९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्या अपोलो यानाच्या संगणकाला काय-काय करायचं हे सांगणारी आठवण अमेरिकेतल्या वॉल्थम गावच्या बायांनी हातानं ओवली होती. काहीजणी आधी कापड गिरणीत, घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या. तार कडीतून गेली तर एक, बाजूनं गेली तर शून्य. इंजिनियर लोक थट्टेनं तिला 'म्हाताऱ्या बायांची मेमरी' म्हणत. थट्टा करणाऱ्यांचं जाऊ द्या, अंतराळवीरांचा जीव त्या ओवण्यावर होता. ही आठवण फक्त वाचायची, बदलता येत नसे. या जातीला रॉम म्हणतात.

हातानं ओवणं महाग आणि सावकाश. १९७० मध्ये इंटेल कंपनीनं एका छोट्या चिपवर १,०२४ घरं बसवली आणि कड्या मागे पडल्या. ही दुसरी जात, रॅम. हिच्या प्रत्येक घरात थोडीशी वीज साठवलेली असते, पण घर म्हणजे गळका माठ. आजच्या संगणकातही सेकंदाला पंधरा-सोळा वेळा तरी तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळे माठ रिकामे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका गटाचे हप्ते संगणकावर चढवणं चालू होतं. अकरा जणींचे झाले आणि लाईट गेली. परत आली तेव्हा पडदा कोरा. एक ताई घाबरून म्हणाली, "म्हणजे माझे पैसे भरलेच नाहीत का?" भरले होते, तिच्या पासबुकात सही होती. नोंद अजून माठातच होती, 'सेव्ह' होऊन कायमच्या जागी गेली नव्हती, एवढंच. पण तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. वही नसती तर तिनं दाखवलं काय असतं?

आता कायमची जागा म्हणजे बहुतेक ठिकाणी फ्लॅश मेमरी. पेनड्राइव्ह, मोबाईलचं कार्ड. जपानच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिच्यात वीज चारी बाजूंनी बंद खोलीत कोंडलेली असते, म्हणून लाईट गेली तरी ती जागेवरच राहते. पण ही खोलीही पुन्हा पुन्हा पुसून झिजते, आणि पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर कोंडलेली वीज हळूहळू झिरपून जाते. म्हणून आमच्या गटांच्या नोंदी मी दोन ठिकाणी ठेवते, आणि तिसरी वही.