यात्रा-उत्सव व्यवस्थापन

ठरलेल्या तिथीला ठरलेल्या ठिकाणी जमणाऱ्या लोकसमुदायाचा अभ्यास करणारी, आणि त्याच्या दर्शनाची, मुक्कामाची, पाण्याची, वाटेची व सुरक्षिततेची व्यवस्था कशी लावावी हे सांगणारी विद्याशाखा. परदेशी विद्यापीठांत ती विसाव्या शतकाच्या अखेरीस पर्यटनशास्त्राच्या अंगाने वाढली. डोनाल्ड गेट्झ यांचे लेखन तेथे पायाभूत मानतात. महाराष्ट्रात सणसोहळ्यांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणे त्याआधीच सुरू झाले होते. इरावती कर्वे यांनी वारीत चालून लिहिले, दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ १९६४ साली आले, गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाच्या जत्रा अभ्यासल्या. १९६१ च्या जनगणनेबरोबर राज्यातील यात्रा-उत्सवांची स्वतंत्र नोंदही छापली गेली. ही सामग्री या शाखेच्या अभ्यासक्रमात अग्रभागी असायला हवी.

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा येथील बालाजी महाराजांची यात्रा हे या विषयाचे अतिशय बोलके उदाहरण. आमना नदीकाठचे हे गाव सिंदखेडच्या जाधव घराण्याशी जोडलेले आहे आणि बालाजीच्या देवस्थानाला भाविक ‘प्रति तिरुपती’ म्हणतात. यात्रा आश्विनात भरते. शेजारच्या जालना जिल्ह्यातूनही माणसे येतात. दसऱ्याच्या रात्री पालखी निघते. या उत्सवातला सर्वांत वेधक विधी म्हणजे लाठी मंडपोत्सव. उंच लाकडी लाठ्या दोरांच्या आणि माणसांच्या बळावर उभ्या करून देवापुढे मंडप साकारला जातो. हे काम एकट्यादुकट्याचे नाही. दोर कोणी धरायचा, ताण कधी द्यायचा आणि ढिला कधी सोडायचा, हे माणसे एकमेकांकडे पाहून, वर्षानुवर्षे सोबत उभी राहून शिकतात. व्यवस्थापनशास्त्र ज्याला कामाची वाटणी आणि समन्वय म्हणते, ते येथे मानाच्या आणि सेवेच्या रूपाने टिकून आहे. मान म्हणजे जबाबदारीच: ज्याचा मान, त्याने त्या घटकेला त्या जागी हजर असलेच पाहिजे. पोलीस बंदोबस्ताचा आराखडा करणाऱ्याने आधी मानकऱ्यांसोबत बसावे, असे म्हणण्याचे कारण हेच.

परंपरेने सगळे निभावते, असे मात्र नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे ३०० भाविक दगावले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांना लागलेली आग, त्यांतले गॅस सिलिंडर: प्रत्येक गोष्ट वेगवेगळी पाहिली तर किरकोळ वाटेल, एकत्र आल्यावर ती जीवघेणी ठरली. चौकशीसाठी न्या. राजन कोचर आयोग नेमण्यात आला. त्याआधी २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९ जणांचा बळी गेला होता. गर्दीच्या अभ्यासकांच्या मते एका चौरस मीटरमध्ये सात माणसे दाटली की माणसाचा स्वतःच्या पावलांवर ताबा राहत नाही. लोंढा नेईल तिकडे तो जातो. म्हणून उपाय गर्दी दाटण्याच्या आधीच, वाटेच्या तोंडाशी करावा लागतो: येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी, टप्प्याटप्प्यावर थांबे, दुकाने रस्त्यापासून मागे, रुग्णवाहिकेला मोकळी गल्ली.

कायद्याने ही जबाबदारी विभागलेली आहे. देवस्थानाचा कारभार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, मिरवणुकांचे नियमन पोलीस कायद्याखाली, आपत्तीची तयारी २००५ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे. दिवाबत्ती, सफाई आणि पाणी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत पाहते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दी-नियोजनाची मार्गदर्शिका काढली. ती उपयोगी आहे, पण गावातली कोणती गल्ली कोणत्या प्रहरी तुंबते हे तिच्यात सापडणार नाही.

तुलनात्मक अभ्यासाला बुलढाण्याइतका सोयीचा जिल्हा विरळा. शेगावात गजानन महाराजांच्या दर्शनाला वर्षभर रीघ असते आणि पाळीपाळीने येणारे सेवेकरी ती सांभाळतात. सैलानीला होळीच्या सुमारास नारळांची होळी पेटते. तेथे उघड्या माळावर मुक्काम आणि आग या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी एकाच दिवशी लोक लोटतात.  रोजची रांग, माळावरचा मुक्काम, एका दिवसाचा मेळावा आणि आश्विनातली यात्रा यांना एकच आराखडा चालणार नाही.

बालाजी यात्रेपुरते पाहिले तर अभ्यासकाला करण्याजोगे काम पुष्कळ आहे: मंडपोत्सवातील प्रत्येक सेवेची आणि ती शिकवणाऱ्या हातांची नोंद, पालखीच्या मार्गाचा तासागणिक नकाशा, दुकानांच्या मांडणीचा आलेख, आणि बायका, म्हातारी माणसे व अपंग भाविक दर्शनाच्या रांगेत किती वेळ उभे राहतात याचे मोजमाप. हे काम यात्रेच्या आठवड्यात एकदा येऊन होत नाही. मंडपाच्या तयारीपासून लाठ्या पुन्हा उतरेपर्यंत अभ्यासकाने गावात राहायला हवे.