जॉन ट्रोलोप

जॉन ट्रोलोप (जन्म: १४ जून १९४३, रॉटन, विल्टशायर) हे इंग्लंडमधील स्विंडन टाऊन या क्लबचे डावे बचावपटू म्हणून ओळखले जातात. १९६० ते १९८० या काळात त्यांनी स्विंडनतर्फे फुटबॉल लीगचे ७७० सामने खेळले. एकाच क्लबकडून इतके लीग सामने खेळण्याचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. या संख्येत चषक स्पर्धांतील सामन्यांचा समावेश नाही.

कारकीर्द

प्रशिक्षक बर्ट हेड यांनी घडवलेल्या तरुण संघातून ट्रोलोप यांनी वयाच्या सतराव्या वर्षी पदार्पण केले. १९६३ मध्ये स्विंडनला प्रथमच द्वितीय विभागात बढती मिळाली. मात्र १९६५ मध्ये संघ पुन्हा तृतीय विभागात उतरला. संघाच्या या चढउतारांतही ट्रोलोप यांनी क्लब सोडला नाही.

लीग चषक, १९६९

१५ मार्च १९६९ रोजी वेम्बली मैदानावर तृतीय विभागातील स्विंडनने प्रथम विभागातील आर्सेनलचा अतिरिक्त वेळेत ३–१ असा पराभव केला. रॉजर स्मार्ट यांनी एक, तर डॉन रॉजर्स यांनी दोन गोल केले. या विजयी संघात ट्रोलोप होते. त्याच हंगामात स्विंडनला पुन्हा द्वितीय विभागात बढती मिळाली. तृतीय विभागातील क्लबला युरोपीय स्पर्धेत प्रवेश नसल्याने विजेत्यांची ती संधी मात्र हुकली.

विक्रम

पोर्ट्‌स्मथचे जिमी डिकिन्सन यांचा ७६४ सामन्यांचा विक्रम ट्रोलोप यांनी १९८० मध्ये मागे टाकला. तृतीय विभागात प्रत्येक संघाला हंगामात ४६ सामने खेळावे लागत, तर वरच्या दोन विभागांत ४२. त्यामुळे सामन्यांची संख्या वाढण्यास काहीसा हातभार लागला, तरी वीस वर्षे संघातील स्थान टिकवणे हाच या विक्रमाचा मुख्य आधार होय. स्विंडनने सर्वोच्च विभाग प्रथम गाठला तो १९९३ मध्ये. त्यामुळे ट्रोलोप यांना त्या विभागात एकही लीग सामना खेळता आला नाही.

निवृत्तीनंतर

१९८१ मध्ये त्यांच्याकडे स्विंडनचे व्यवस्थापकपद आले. १९८२ मध्ये क्लबची इतिहासात प्रथमच चतुर्थ विभागात घसरण झाली आणि १९८३ मध्ये त्यांचे पद गेले. पुढे त्यांनी युवा खेळाडूंना प्रशिक्षण दिले. फुटबॉलमधील सेवेबद्दल त्यांना ‘एमबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. त्यांचे पुत्र पॉल ट्रोलोप हे वेल्सच्या राष्ट्रीय संघातून खेळले.