खर्ड्याची रात्र

जामखेड तालुक्यातले खर्डा इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यात येते: 1795 साली येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. परीक्षेला तेवढे पुरते. पण या लढाईचा निकाल दिवसाच्या तलवारीने जेवढा लागला, त्याहून अधिक रात्रीच्या भीतीने लागला, हे वर्गात सहसा सांगितले जात नाही.

हा मुलूख सरहद्दीचा. 1818 नंतर जामखेड इंग्रजांकडे गेले, तर शेजारचे बीड आणि उस्मानाबाद 1948 पर्यंत निजामाकडे राहिले. त्याआधी 1803-04 च्या दुष्काळात नगरकडची गावेच्या गावे ओस पडली. अशा मुलखात भुतांना काय तोटा? उतारा टाकायचा तो तिवाठ्यावर किंवा शिवेवर, कारण भुतांचा वास तेथे, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. खवीस हा शब्द मूळ अरबी. लोकसमजुतीत मात्र खवीस म्हणजे मुसलमानाचे भूत. जिवंतपणीची सरहद्द लोकांनी मेल्यावरही पुसली नाही!

आता त्या रात्रीकडे वळू. 11 मार्च 1795 रोजी दोन्ही फौजांची गाठ पडली. पेशवा सवाई माधवराव वीस वर्षांचा. कारभार नाना फडणिसांचा, फौजेची सूत्रे परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. निजाम अलीकडे रेमाँ या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी होत्या. एवढ्या मोठ्या फौजांच्या मानाने दिवसभरात माणसे थोडीच पडली आणि निजामाचे सैन्य अजून मोडलेले नव्हते.

पुढची हकीकत ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात दिली आहे. घोड्यांना पाणी शोधत मराठ्यांची एक लहानशी टोळी ओढ्यावर आली. तेथे निजामाची माणसे होती. त्यांनी गोळी झाडली. जवळच्या रेमाँच्या पहारेकऱ्यांनीही झाडली. भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन झोपलेली पलटण दचकून उठली आणि दिसेल तिकडे बार काढू लागली. छावणीत एकच हलकल्लोळ झाला. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि फौजेची दाणादाण उडाली.

ओढ्यावर शत्रू होता हे खरे, पण मूठभर. मग हजारो माणसांना तो चहूकडे कसा दिसला?

पहिली गोष्ट काळोखाची. गणित केले तर ती रात्र फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपासची येते. होळी होऊन पाच-सहा दिवस झालेले, म्हणजे चंद्र मध्यरात्रीच्या थोडा आधी उगवणार. विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करवून घ्यावा. दुसरी गोष्ट डोळ्याची. अंधारात आपण दंडपेशींनी पाहतो. त्यांतील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य प्रखर उजेडाने विघटित होते आणि पूर्ववत व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. बंदुकीच्या तोंडचा जाळ डोळ्यांसमोर चमकला की अंधाराला सरावलेली नजर गेलीच. त्यात काळ्या दारूचा धूर. पहिला बार काढणारा शिपाई दुसऱ्या बाराच्या वेळी जवळजवळ आंधळा असतो. ऐकू येतो तो फक्त आवाज, आणि तो आपल्याच माणसांच्या बंदुकांचा! डोळ्यांनी माहिती दिली नाही की मेंदू ती जागा अपेक्षेने भरतो. वाटसरूला झुडपाच्या जागी हडळ दिसते ती अशीच. आमच्या मते त्या रात्री छावणीत शिरलेला शत्रू बराचसा याच जातीचा होता.

किल्ल्यात पाण्याचे हाल सुरू झाले. अखेर निजामाला तह करावा लागला. दौलताबादचा किल्ला व मुलूख द्यावा लागला, तीन कोटी रुपये कबूल करावे लागले, दिवाण मशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या हवाली करावा लागला.

शिक्षकांनी एक प्रयोग करावा. खोलीत जेमतेम दिसेल इतका अंधार करून मुलांना वीस मिनिटे गप्पा मारीत बसवावे. मग प्रत्येकाने एका डोळ्यावर तळहात घट्ट धरावा आणि समोरच्या भिंतीवर बॅटरीचा झोत काही सेकंद पाडून विझवावा. आता आळीपाळीने एकेका डोळ्याने पाहावे. झाकलेल्या डोळ्याला बाके दिसतील, उघड्याला काळोख. कोणाला त्या काळोखात काय दिसले, ते दिवा लावण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे.