दुकानातला मासा आला कुठून?

लोकलमध्ये ऐकताना बोगद्यात आवाज तुटतो, अशी तक्रार बरेच जण करतात. म्हणून या भागाचा मजकूरही इथे टाकतोय, थोडा नीट करून. आजचा विषय आहे खाऱ्या पाण्याचे मासे. खायचे नाहीत, काचेत ठेवायचे. आणि हा इतिहासाचा पॉडकास्ट असल्यामुळे दोनशे वर्षं मागे जाणार आहोत, पण सुरुवात कळव्यातूनच.

२०१९ ची गोष्ट. नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि मी घरी तीन फुटी टँक आणली. एका दुकानातून दोन क्लाऊनफिश आणि एक निळी टँग घेतली. तीच ती सिनेमातली डोरी. दुकानदार म्हणाला, "एकदम ॲक्टिव्ह माल आहे दादा, कालच आलाय." मला ते ऐकून बरंच वाटलं. ताजा माल म्हणजे चांगला माल, असंच आपण धरून चालतो ना! साडेपाच हजार दिले, पिशवी छातीशी धरून कळवा स्टेशनला उतरलो. सहाव्या दिवशी डोरीच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. नवव्या दिवशी ती गेली, आणि तिच्या मागोमाग एक क्लाऊनफिश.

आई तेव्हा जे बोलली ते अजून डोक्यात आहे. ती म्हणाली, "अरे, बाजारात पापलेट घेताना मी मावशीला कल्ले उघडून दाखवायला लावते. तू जिवंत मासा घेतलास आणि बघितलंस काय? रंग?"

खरंच, मी फक्त रंग बघितला होता. मग वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं की माझी डोरी माझ्या टँकमध्ये आजारी पडलीच नव्हती. ती वाटेतच आजारी पडली होती. खाऱ्या पाण्याचे मासे पाळण्याचा सगळा इतिहास हा या वाटेचा इतिहास आहे.

१८४६ साल. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आवारात ॲना थिन नावाची बाई राहायची. ती टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली आणि तिथून जिवंत प्रवाळ घेऊन आली. प्रवासात ते हलू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने स्पंजाला टाचले आणि बरणीत ठेवले. घरी आणल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला: पाण्यात हवा कशी जाणार? एअर पंप तर नव्हता. मग मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. त्या मोलकरणीचं नाव कुणी लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही. जगातला पहिला एअर पंप तीच होती म्हणायला हरकत नाही.

पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. त्यासाठी किनाऱ्यावरून प्राणी गोळा करणाऱ्यांत फिलिप हेन्री गॉस होता. त्याने १८५४ मध्ये पुस्तक काढलं, 'द ॲक्वेरियम'. आपण आज वापरतो तो शब्द याच पुस्तकाने रुळवला. आता ही साल आपल्याकडे लावून बघा. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली आणि १८५४ मध्ये ती खाडी ओलांडून, कळव्याच्या बाजूने कल्याणला पोचली. म्हणजे इथे खाडीवरून पहिली गाडी धडधडत जात होती, तेव्हा तिकडे लोक समुद्राचं पाणी बरण्यांत भरून घरी नेत होते.

गॉसच्या पुस्तकांनी इंग्लंडमध्ये वेड लागलं. जो तो बादली घेऊन किनाऱ्यावर. पुढे १९०७ मध्ये गॉसच्या मुलाने, एडमंडने, वडिलांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने स्पष्ट म्हटलंय की संग्राहकांच्या झुंडींनी ते किनारे ओरबाडून रिकामे केले आणि याला आपले वडीलच कारणीभूत झाले याचं वडिलांना दुःख होतं. ज्याचं प्रेम वाटलं तेच संपलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपल्या मुंबईत काचेतला समुद्र सगळ्यांना बघायला मिळाला तो १९५१ मध्ये. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद आले होते. खर्च आला आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवालांनी दिले, म्हणून त्यांचं नाव. ठाण्या-कल्याणकडच्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे गेल्यात, माझीही गेलीय. आमच्या बाईंनी रांग मोडू दिली नाही, त्यामुळे मला शार्कपेक्षा पुढच्या मुलाचं दप्तरच जास्त आठवतं.

पण मत्स्यालय समुद्राला लागून होतं. कळव्यात, डोंबिवलीत घरी टँक ठेवायची तर समुद्र आणायचा कुठून? तुम्ही म्हणाल, खाडी तर दारात आहे. आहे, पण तिच्यात गाळ आहे, सांडपाणी आहे आणि पावसाळ्यात खारेपणा पार खाली येतो. मग मिठागरांचं मीठ विरघळवलं तर? मीही हा हुशारपणा करून बघणार होतो. जमत नाही. मिठागरात पाणी आटतं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच तळाला बसतात, मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं, आणि आपण गोळा करतो ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराईड. भाजीला उत्तम, माशाला अपुरं. सगळे क्षार मोजून मिसळलेलं तयार समुद्री मीठ १९६० च्या दशकात अमेरिकेत विकायला आलं आणि मग समुद्रापासून शेकडो मैलांवरही टँक शक्य झाली.

तोवर प्लास्टिकची पिशवी, ऑक्सिजन आणि विमान हेही जुळून आले होते. मासा फिलिपिन्समध्ये सकाळी पकडायचा आणि दोन दिवसांत दुसऱ्या खंडातल्या दुकानात. मागणी वाढली आणि मासे पकडणाऱ्यांनी सोपा उपाय शोधला. त्याच १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सायनाईड वापरायला सुरुवात झाली. पाणबुड्या बाटलीतून प्रवाळाच्या फटीत सोडियम सायनाईड फवारतो, मासा गुंगतो, हाताने उचलता येतो. आजूबाजूचं प्रवाळ मरतं. आणि मासा? तो शुद्धीवर येतो, छान दिसतो, कधीकधी खातोसुद्धा. आतून यकृत वगैरे खराब झालेलं असतं. काही दिवसांनी, काही आठवड्यांनी मरतो, बहुतेक वेळा विकत घेणाऱ्याच्या घरी. म्हणजे दुकानदाराला दोष द्यावा तर त्यालाही माहीत नसतं. गॉसच्या किनाऱ्याची गोष्ट परत आली ती अशी, फक्त यावेळी बादलीऐवजी विष होतं.

माझी डोरी सायनाईडने गेली असं मी म्हणत नाही. तिचे ठिपके हा क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीचा ठरलेला रोग होता. पण ती समुद्रातूनच पकडलेली होती, हे जवळजवळ नक्की. कारण निळी टँग बंदिस्त पाण्यात जन्माला घालणं पहिल्यांदा जमलं तेच २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. तिची अंडी पाण्यात तरंगतात आणि पिल्लं इतकी बारीक की त्यांना खायला काय द्यायचं इथूनच अडतं.

क्लाऊनफिशचं तसं नाही. त्याची मादी दगडाला चिकटवून अंडी घालते, बाप त्यांची राखण करतो, पंखांनी वारा घालतो, आणि साधारण आठवडाभरात अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. (गंमत म्हणजे सगळे जन्मतात नर म्हणून. जोडीतली मादी गेली की नराचीच मादी होते. सिनेमावाल्यांनी हा भाग गाळला!) त्यामुळे १९७० च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी क्लाऊनफिश विक्रीसाठी वाढवून दाखवले. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांत हे तंत्र बसवलं.

आणि आता कळवेकरांसाठी. कळवा नाक्यावरून विटावा, दिघा करत ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलात की ऐरोली. तिथे खाडीकाठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. फ्लेमिंगो बघायची बोट सुटते तेच. तिथे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोबरोबर शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी केली, मुख्यतः क्लाऊनफिशची. मी हजारो मैलांवरून आलेला मासा घेत होतो, आणि अर्ध्या तासावर पिल्लं जन्मत होती. हे कळलं तेव्हा मी अक्षरशः कपाळावर हात मारला.

तर हल्ली दुकानात गेलो की मी आधी किंमत विचारत नाही. विचारतो, "हा टँकमध्ये जन्मलेला, की समुद्रातला?" चांगला दुकानदार सरळ सांगतो. जो हसून विषय बदलतो त्याच्याकडून मी एअर स्टोन घेतो, मासा नाही. दुसरा प्रश्न: आणून किती दिवस झाले? "कालच आलाय" हे उत्तर मला आता घाबरवतं. मासा आवडलाच तर थोडे पैसे देऊन ठेवतो आणि आठ-दहा दिवसांनी परत जातो. तेवढ्यात तो मेला, तर तो माझ्या घरी मेला असता.

आणि समोर खायला घालायला सांगतो. लाजू नका, आई मावशीकडे लाजत नाही. मासा धावून आला पाहिजे. पोट आत गेलेलं, डोक्यामागे खळगा पडलेला असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे. कल्ले भराभर हलतायत का, कोपऱ्यात तोंड खुपसून उभा आहे का, दगडाला अंग घासतोय का, हे बघा. त्याच्या शेजारच्या टाक्याही बघा, कारण बहुतेक दुकानांत सगळ्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. तिसऱ्या टाकीत मेलेला मासा तरंगत असेल तर पहिल्या टाकीतला निरोगी कसा म्हणायचा?

एक बारकी गोष्ट मला फार उशिरा कळली. बरीच दुकानं पाण्याचा खारेपणा मुद्दाम कमी ठेवतात. परजीवी दबून राहतात आणि मीठही वाचतं. म्हणून दुकानात स्वच्छ दिसणारा मासा आपल्या पूर्ण खाऱ्या पाण्यात आला की ठिपके उमलतात. त्यामुळे घनता विचारायची, घरी वेगळ्या छोट्या टाकीत निदान चार आठवडे ठेवायचं, आणि तिथे खारेपणा हळूहळू वाढवायचा. बटरफ्लायफिश कितीही सुंदर दिसला तरी पहिल्या टँकसाठी नको. त्यातल्या बऱ्याच जाती प्रवाळाचे जीव खाऊनच जगतात, आपल्याकडे उपाशी मरतात. समुद्री घोडा किंवा आपल्या समुद्रातलं प्रवाळ कुणी दाखवलं तर तिथून निघा. २००१ पासून दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

परवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला आईला घेऊन गेलो होतो. एका दुकानात क्लाऊनफिशची टाकी होती. मी काही बोलायच्या आत आईने विचारलं, "काय हो, यांना खायला घाला बघू." पोराने चिमूटभर खाऊ टाकला. सगळे वर आले, एक सोडून. आईने त्याच्याकडे बोट दाखवलं, "हा नको." पोरगा म्हणाला, "काकी, तुम्ही पण टँक ठेवता का?" आई म्हणाली, "नाही, मी खाते."

त्या टाकीतली जोडी आता घरी आहे, वेगळ्या टाकीत, सतरावा दिवस. पुढच्या भागात पारसिकचा बोगदा. तिथे नेटवर्क का जातं तेही सांगतो.