घोट्यावरील पट्टा

१७. घोट्यावरील पट्टा : प्रोबेशनवर सोडलेल्या माणसाच्या घोट्याला रेडिओ-पट्टा बांधण्याचा आदेश १९८३ साली अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्कचे न्यायाधीश जॅक लव्ह यांनी दिला. हा पट्टा घरच्या टेलिफोनला जोडलेल्या यंत्राला संदेश देई; माणूस घरी आहे की नाही, एवढेच कळे. पुढे जीपीएसमुळे त्याचा ठावठिकाणाही कळू लागला. स्पेनमध्ये २००९पासून, न्यायालयाच्या आदेशाने, बायकोला मारहाण करणाऱ्याच्या अंगावर एक उपकरण आणि तिच्याजवळ दुसरे असते; मनाई केलेल्या अंतराच्या आत तो आला की नियंत्रण कक्षाला इशारा जातो. मात्र उगारलेला हात पट्टा अडवू शकत नाही. इशाऱ्यासरशी पोलीस पोहोचले, तरच तिला खरे संरक्षण मिळते. — संपा.