बालकांचे लसीकरण : पालकांची संमती

लस कोणत्या रोगावरची आहे, ती दिल्यावर काय त्रास होऊ शकतो, कोणत्या मुलाला ती देऊ नये आणि न दिल्यास कोणता धोका राहतो, हे समजून घेऊन आईवडिलांनी दिलेला होकार किंवा नकार. राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लशी भारतात मोफत मिळतात. त्या टोचून घेण्याची सक्ती करणारा देशव्यापी कायदा मात्र आज नाही. पूर्वीची रीत वेगळी होती. भारतातली देवीची पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली आणि १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी काढणे बंधनकारक झाले. १९७८ चा विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ चा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम यांची भिस्त सक्तीवर नव्हती, घरोघरी जाऊन समजावण्यावर होती.

उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत भरणाऱ्या सत्रात सहसा कोणी सही घेत नाही. आईने मूल आणले, हीच संमती मानली जाते. म्हणूनच नर्सबाईंनी सांगायच्या चार गोष्टींना महत्त्व येते : आज कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो व तो झाल्यास काय करायचे, पुढच्या डोसला कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून प्रत्येक वेळी आणायचे. लस दिल्यावर अर्धा तास थांबवून घेण्याचाही नियम आहे. रांग लांब असली की या चारांतले ‘ताप आला तर औषध द्या’ एवढेच उरते. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीनंतर एकदोन दिवस ताप येतो, मांडीला सूज येते, मूल किरकिर करते. बीसीजी टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, तो पिकतो आणि व्रण ठेवून आपोआप बरा होतो. आधी सांगितले असेल तर आई हे सगळे निभावून नेते. सांगितले नसेल तर ‘सुई बाधली’ असा समज घरात पक्का होतो आणि पुढचा डोस राहतो. नकार देणाऱ्यांपेक्षा ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणारे पालक कार्यक्रमाला जास्त महागात पडतात.

पुढे ढकलण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सर्दी-खोकला, अंग कोमट असणे किंवा जुलाब. यांपैकी एकाही किरकोळ दुखण्यासाठी लस थांबवायची नसते. आधीच्या डोसने तीव्र ॲलर्जी आली असेल तर मात्र तीच लस पुन्हा देत नाहीत. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला जिवंत जंतूंची लस देण्याआधी डॉक्टरांचा निर्णय लागतो. पालकांनी हे आपण होऊन सांगायला हवे. कार्डावर ते नेहमी सापडेलच असे नाही. कुपीबद्दल विचारण्यातही गैर काही नाही. तिच्यावरच्या वर्तुळातला आतला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिका असेपर्यंतच लस वापरता येते. गोवर-रुबेला आणि बीसीजी यांची पूड द्रावणात मिसळल्यावर ती चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची असते.

संमतीचा प्रश्न न्यायालयात गेला तो गोवर-रुबेला मोहिमेच्या निमित्ताने. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळांमधून लस देणारी ही मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. दिल्लीत जानेवारी २०१९ मध्ये शाळांत लस द्यायचे ठरल्यावर काही विद्यार्थी पालकांमार्फत उच्च न्यायालयात गेले. पालकांना न विचारता मुलांना लस टोचता येईल ही सरकारची धारणा न्यायालयाने अमान्य केली. दुष्परिणाम आणि कोणाला लस देऊ नये ही माहिती जाहिरातीत छापली तर पालक बिचकतील, म्हणून ती टाळावी, हा युक्तिवादही टिकला नाही. पालकांना निर्णय घेता यावा यासाठीच जाहिरात असते, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाने लस चुकीची ठरवली नव्हती, विचारण्याची पद्धत चुकीची ठरवली होती. निकाल सांगताना हा फरक पुष्कळदा गाळला जातो. कोविडच्या लशीसंदर्भात सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार मात्र कायम ठेवला.

हे निर्बंध का लागतात, ते गोवर दाखवतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना रोग देतो, म्हणून साधारण ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीच्या आड येतात, त्यामुळे पहिला डोस नऊ महिन्यांआधी सहसा देत नाहीत. त्या वयाच्या बाळाचा बचाव शेजारच्या मुलांच्या लसीवर अवलंबून असतो. कोविडच्या काळात अनेक मुलांचे डोस चुकले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवराचा उद्रेक झाला. भिवंडी-मालेगावातही रुग्ण आढळले.

गोवर-गालगुंड-रुबेला लशीने स्वमग्नता येते ही भीती १९९८ च्या ‘लॅन्सेट’मधल्या बारा मुलांवरच्या निबंधातून पसरली. २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला आणि त्याच्या प्रमुख लेखकाची वैद्यकीय नोंदणी ब्रिटनमध्ये रद्द झाली. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. प्रत्येक अविश्वास मात्र अफवेतून येत नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. अशा वेळी पालकांना अडाणी म्हणणे उफराटे आहे.

खासगी दवाखान्यात निवड वेगळीच असते, कारण तिथे पैसेही मोजायचे असतात. कांजिण्या, हिपॅटायटिस ए यांच्या लशी सरकारी वेळापत्रकात नाहीत. ‘न दुखणारी’ म्हणून मिळणाऱ्या त्रिगुणी लशीने ताप कमी येतो, पण डांग्या खोकल्यापासूनचे तिचे संरक्षण लवकर ओसरते. ही दुसरी बाजू विचारल्याशिवाय क्वचितच कानावर येते.

नकार दिलेले पालक परत आले तर बहुतेक लशी उशिरानेही देता येतात; सरकारी कार्यक्रमात बीसीजी वर्षभरापर्यंत आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. हिपॅटायटिस बीचा जन्मडोस मात्र २४ तासांच्या आत द्यायचा असतो. बाळंतपणाच्या त्या धावपळीत समजावून सांगायला कोणाला उसंत नसते. त्यामुळे ही माहिती गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळीच द्यावी लागते.